वरच्या बाईंचा श्वास

आमच्या बसस्टँडवर वरच्या बाईंना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं, पण ऐकलेलं सगळ्यांनी होतं. लोखंडी जिना चढून गेलं की फलाटांच्या डोक्यावर एक काचेची खोली होती. बावीस वर्षं बाई तिथे बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठली उशिरा येणार आहे आणि कुठली येणारच नाही, हे सांगत आल्या. शेवटची बातमीही त्या इतक्या मायेनं सांगत, की गाडी रद्द झाल्याचं दुःख प्रवाशाला लगेच होतच नसे. बाकावर टेकल्यावर, जरा वेळानं व्हायचं.

या कामातलं खरं कसब बोलण्यात नाही, श्वास लपवण्यात आहे. माईकसमोर माणसानं श्वास घेतला की खाली फलाटावर अजगर फुत्कारल्यासारखं ऐकू येतं. बाईंच्या आधीच्या निवेदिकेनं त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरी, लोकांना गाडी ऐकू आली पाहिजे, तू नाही." त्यामुळे बटण दाबण्याआधी बाई मान बाजूला वळवून नाकानं हळूच श्वास भरून घेत. मग सगळे थांबे, फलाट, सामानाची काळजी, धन्यवाद हे सारं एका दमात संपवून, बटण सोडल्यावरच काय तो श्वास सोडत. ही सवय पुढे अंगात इतकी मुरली, की घरी भांडतानाही बाईंना धाप लागलेली कुणी ऐकली नाही. भांडणात याचा फार फायदा होतो. समोरचा दम खायला थांबतो आणि तेवढ्यात त्याचा मुद्दा निसटतो.

दुसरं कसब होतं पाणी न पिण्याचं. स्वच्छतागृह स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला, वर्कशॉपच्या मागे. जिना उतरा, सगळे फलाट ओलांडा, डिझेलच्या डबक्यांना वळसा घाला आणि तसंच परत या. तोवर दोन-तीन गाड्या न सांगता निघून गेलेल्या. नोकरीच्या सुरुवातीला बाई एकदा अशा गेल्या होत्या, नेमका तेवढ्यात फलाट बदलला आणि एक अख्खं गायनपथक भलत्याच गाडीत बसून भलत्याच गावी पोचलं. तिथल्या लोकांनी त्यांचं गाणं आनंदानं ऐकलं म्हणे. वाहतूक नियंत्रकांनी बाईंना जे ऐकवलं, त्यात मात्र आनंदाचा भाग कमी होता. तेव्हापासून घरून निघताना अर्धा कप चहा आणि मग परतेपर्यंत जिभेखाली एक आल्याची गोळी, एवढ्यावर बाई दिवस काढत. घशाला ओल, बाकी अंग कोरडं. दुपारनंतर डोकं दुखायचं. पण दुखणं हे डोक्याचं कामच आहे, असं त्या धरून चालत.

मग स्टँडवर यंत्र येणार असल्याची बातमी आली.

यंत्र म्हणजे एक करडी पेटी. तिच्यात कुणा तरुण मुलीचा आवाज भरलेला होता. ती मुलगी सगळ्या गावांची नावं सारख्याच उत्साहानं घ्यायची, जणू प्रत्येक गावी तिचं नुकतंच काहीतरी छान झालं होतं. मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये जमवून सांगितलं, की कुणाचीही नोकरी जाणार नाही, फक्त जागा बदलेल. निवेदिकांपुढे दोन वाटा होत्या. एक, तळघरातली हरवलेल्या सामानाची खोली. दुसरी, फिरत्या तपासनीसाची जागा. तपासनीसानं वाटेत कुठेही गाडीत चढून तिकिटं बघायची. पण त्यासाठी धावणं आलं, म्हणून परीक्षा. मैदानाला पाच फेऱ्या.

"वेळेचं बंधन नाही," साहेब म्हणाले. "थांबायचं नाही आणि चालायचं नाही. बाकी कसं पळायचं ते तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळच्या पाळीच्या निवेदिकेनं तिथल्या तिथे तळघर मागून घेतलं. तिला विणकामाची आवड होती, आणि छत्र्या उलटून बोलत नाहीत हा तिच्या मते मोठाच फायदा होता. मग वरच्या बाईंनी हात वर केला. सगळ्यांना वाटलं, काही शंका असेल.

"माझं नाव तपासनीसांत लिहा," बाई म्हणाल्या.

कँटीनवाला कप विसळत होता, तो थांबला. "ताई, पळायचंय त्यात."

"ऐकलं मी."

"पायांनी?"

"नाही, तुझ्या सायकलवरून. कप विसळ."

घरी गेल्यावर हीच चर्चा जरा मोठ्या आवाजात झाली. बाईंचे यजमान पंखे दुरुस्त करायचे; त्यामुळे घरातला एकही पंखा चालू नव्हता आणि उघडलेले चार-पाच जमिनीवर पाय पसरून बसलेले असत. त्यांनी पाना खाली ठेवला.

"अगं, तू कोपऱ्यावरून भाजी आणायची तर रिक्षा करतेस. पाच फेऱ्या कुठल्या मारतेस? तळघर काय वाईट आहे? गार असतं."

"फडताळही गार असतं. बसा जाऊन."

"मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"अहो, बावीस वर्षं मी लोकांना गाडीत बसवून लावून देतेय," बाई म्हणाल्या. "डोंगरातल्या, किनाऱ्यावरच्या, कुठल्या कुठल्या गावांना. नावं झोपेत विचारा, फलाटासकट सांगते. पण बघितलंय काय? माहेर आणि सासर. मध्ये एक पूल लागतो, तोही रात्रीच्या गाडीनं. आता तळघरात गेले ना, की संपलं. मग माझी बाहेरगावची फेरी एकदमच, आणि तिचं परतीचं तिकीट नसतं."

यजमानांनी पाना उचलला आणि जो पंखा आधीच उघडलेला होता तो आणखी उघडला.

खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांना दमा होता. पदराशी कायम औषधाचा पंप असायचा आणि जिने, धूर, फोडणी आणि नातेवाईक यांच्यापासून त्या चार हात लांब राहत. एवढ्या वेळात त्या काहीच बोलल्या नव्हत्या. ही गोष्ट घरात कुणाच्या लक्षात आली नाही, म्हणजे चर्चा किती तापली होती ते कळावं.

"परीक्षा कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने आहेत, आई."

"मग उद्या सकाळी मला पण मैदानावर घेऊन चल. इथे बसून मी पंख्यांची तोंडं बघते, तिथे तुझं बघेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मैदानाच्या कडेच्या बाकावर बसल्या आणि बाई नव्या कॅनव्हासच्या बुटांत पळायला लागल्या. ते पळणं बघण्यासारखं होतं. पाठ ताठ, हनुवटी किंचित बाजूला, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर घोषणेच्या आधीची प्रसन्नता. गळ्याच्या वर बाई अगदी निवांत होत्या. अर्ध्या फेरीत ती प्रसन्नता लाल झाली, मग जांभळी झाली आणि पाऊण फेरीला बाई गवतात बसल्या. एवढं होऊनही त्यांच्या तोंडून आवाज म्हणून फुटला नाही.

सासूबाई काठी टेकत गेल्या. थोडा वेळ निरखून बघत राहिल्या.

"अगं, तू श्वासच घेत नाहीयेस."

"घेते की."

"मला तर ऐकू येत नाही."

"ऐकू येऊ नये असाच घेते, आई."

"का? इथे कोण प्रवासी बसलेत?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. मैदानात एक कुत्रं होतं, आणि तेही झोपलेलं. पण बावीस वर्षांची सवय कुत्रं बघून जात नाही. शिवाय उघड्या तोंडानं, खांदे उडवत, हाश्शहुश्श करत चारचौघांत पळायचं म्हणजे बाईंच्या मते घरातला पसारा अंगणात मांडण्यासारखं होतं. त्यातून समोर सासू.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. श्वास ही वस्तू त्यांना कधी फुकट मिळालेली नव्हती, त्यामुळे तिच्याबद्दल त्यांना लाज वाटायचं कारण नव्हतं. दवाखान्यात एका मुलीनं त्यांना श्वासाचे व्यायाम शिकवले होते. त्या शिकवणीत सासूबाईंनी स्वतःची थोडी भर घातली होती आणि आता पहिल्यांदाच त्यांना शिष्य मिळत होता. तोही सून. अशी संधी आयुष्यात एकदाच येते.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "आधी सोडायला शीक. सगळे घ्यायच्या मागे लागतात. आतलं शिळं बाहेर गेलं नाही तर ताजं मावणार कुठे? ओठांचा चंबू कर आणि चहावर फुंकर घालतेस तशी घाल. लांब. पूर्ण रिकामी हो. घ्यायचं काम आपोआप होतं, त्याला बोलावणं लागत नाही."

"तोंडानं?"

"नाकानं, तोंडानं, मिळेल तिथून. पळताना दार बघायचं नसतं, आत येऊ दे. आणि ते पोट सोड आधी."

"काय?"

"पोट आत ओढून पळतेस, फोटो काढायचाय का? श्वास काय खिशात ठेवणार आहेस? पोट फुगू दे चांगलं. खांदे खाली. मुठी सैल. कुणाला मारायला निघालेली नाहीस."

पहिले काही दिवस मैदानाची एक बाजू पळायची आणि एक बाजू चालायची, असं ठरलं. आता बाई फुंकर घालत, पण चोरून. बाकासमोरून जाताना तर त्या साफ गप्प होत. म्हातारीनं यावर जो उपाय काढला त्याला तोड नाही. बाई बाकासमोर आल्या की सासूबाई प्रश्न विचारायच्या, आणि बाईंनी पळता पळता पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं.

"आज भाजी काय करायची?"

"को... बी..."

"एकच शब्द! म्हणजे जोरात पळतेयस. हळू हो. पुढच्या फेरीला नीट सांग."

पुढच्या फेरीला बाई हळू येत आणि म्हणत, "कोबी करायचा आहे, पण त्यात बटाटा घालायचा की नाही ते तुम्ही सांगा."

"हां. आता बरोबर. हाच वेग धर."

कधी बाई याहून लांब बोलत. "कोबी मी काल आणलाय आणि तो तुम्हाला आवडत नाही हे मला माहीत आहे, तरी तुम्ही मुद्दाम विचारताय हेही मला माहीत आहे." मग सासूबाई काठीनं पुढे खूण करत. "एवढं बोलायला जमतंय म्हणजे रांगतेयस. जरा हाल!"

अशा रीतीनं त्या घरातले बरेचसे प्रलंबित विषय मैदानावर निकालात निघाले. वेग योग्य आहे की नाही हे कळायला सासू-सून संवादासारखं दुसरं साधन नाही. वाक्य तुटलं तर वेग जास्त, वाक्याचं व्याख्यान झालं तर कमी. हळूहळू चालण्याची बाजू आखडत गेली, पळण्याची वाढत गेली आणि एक दिवस बाई न थांबता दोन फेऱ्या पळून आल्या, तेव्हा चक्क धापा टाकत होत्या. मोठ्यानं. सासूबाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"वा," त्या म्हणाल्या. "आता माणसासारखी वाटतेस."

पण दोन फेऱ्यांनंतर गाडी अडली. तिसरीत बाईंच्या पोटरीत गोळा यायचा, घरी आल्यावर डोकं फुटायला व्हायचं. सासूबाईंनी चौकशी सुरू केली, आणि नाश्त्याच्या टेबलावर सुरू केली.

"लघवीचा रंग कसा असतो तुझा?"

यजमानांनी वर्तमानपत्र उंच धरलं.

"अहो आई!"

"अहो आई काय? वाळल्या गवतासारखा फिका की चहासारखा?"

"...चहा."

"दुधाचा की कोरा?"

"आई, मी जाऊ का बाहेर?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"बस तू. कोरा ना? मला वाटलंच. दिवसभरात पाणी किती पितेस?"

बाईंनी आल्याच्या गोळीची हकिगत सांगितली. स्वच्छतागृह, फलाट, डबकी, गायनपथक, सगळं. आश्चर्य म्हणजे बावीस वर्षांत घरात हे कुणी विचारलं नव्हतं आणि बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी आपल्या मुलाकडे असं पाहिलं, की त्यानं पेपर घडी करून ठेवला.

"घाम येतो तो काय नळाला जोडलाय?" त्या बाईंना म्हणाल्या. "आत असेल तर बाहेर येईल. उद्यापासून दिवसभर थोडं थोडं प्यायचं. घोट घोट. तहान लागेपर्यंत वाट बघायची नाही."

"आणि मग खाली कोण जाणार? माईक कोण बघणार?"

हा प्रश्न सोडवला तो त्या करड्या पेटीनं. यंत्राची चाचणी नेमकी त्याच आठवड्यात सुरू झाली. बाई बाटली घेऊन वर गेल्या, तासातासाला घोट घेत राहिल्या, आणि दुपारी जेव्हा वेळ आली तेव्हा यंत्राचं बटण दाबून जिना उतरल्या. फलाट ओलांडताना डोक्यावर ती उत्साही मुलगी गावांची नावं घेत होती. बाई डबक्यांना वळसा घालून गेल्या, आल्या, कुठलंही पथक कुठेही हरवलं नाही. ज्या यंत्रानं त्यांची जागा घेतली, त्यानंच त्यांना नोकरीतली पहिली निश्चिंत सुट्टी दिली, पाच-सात मिनिटांची का होईना. यंत्राला बाई शेवटपर्यंत "ती पोर" म्हणत, पण त्या दिवसापासून जरा सौम्यपणे.

डोकेदुखी आठवड्यात गेली. पोटरीही सैल झाली. इथे यजमानांना हुरूप आला. आपलाही काही हातभार लागावा म्हणून त्यांनी एक मोठी थोरली सुरई आणली आणि एका सकाळी मैदानावर निघण्याआधी बायकोला शेजारी उभं राहून पाजली. "पी, पी. पाणी चांगलं असतं." बाई प्यायल्या. त्या दिवशी पहिल्या फेरीला सासूबाईंना बाईंच्या आधी बाईंचं पोट ऐकू आलं. दुसऱ्या फेरीला बाई कूस धरून वाकल्या.

"हे कुणी केलं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या चिरंजीवांनी."

"तरीच. त्यानं लहानपणी कुंडीतलं रोप असंच मारलं होतं." मग त्या यजमानांना म्हणाल्या, "अरे, पाणी आदल्या दिवसापासून प्यायचं असतं. पळायच्या आधी भांडंभर, तेही बऱ्याच आधी. दारातून निघताना दोन घोट, बस. ऊन जास्त असेल, घाम खूप आला असेल तर परतल्यावर मीठ, साखर, लिंबू. बायको आहे ती, टाकी नाही."

परीक्षेची सकाळ उजाडली ती स्वच्छ आणि गरम. साहेब शिट्टी घेऊन आले. त्यांच्याबरोबर आणखी दोन साहेब होते, ज्यांना काही काम नव्हतं. स्टँडवरची निम्मी माणसं सुट्टी काढून बघायला आली होती. कँटीनवाल्यानं किटलीच आणली होती. धावणार होते तिघं. तिकीटखिडकीवरचे दोन तरुण आणि वरच्या बाई. सासूबाई दोरीच्या पलीकडे आपल्या नेहमीच्या बाकावर, शेजारी यजमान, पायाशी पिशवी.

शिट्टी झाली आणि तरुण सुसाट सुटले. बाई आपल्या वेगानं निघाल्या. पण आज मैदानात झोपलेलं कुत्रं नव्हतं. आज माणसं होती, आणि ती सगळी बाईंकडे बघत होती. दुसऱ्या फेरीपर्यंत सासूबाईंच्या लक्षात आलं. पाठ ताठ. हनुवटी बाजूला. ओठ मिटलेले. चेहऱ्यावर ती प्रसन्नता.

"गेली," सासूबाई पुटपुटल्या. "परत वर जाऊन बसली."

तिसऱ्या फेरीच्या सुरुवातीला प्रसन्नता लाल झाली होती. तेवढ्यात तरुणांपैकी एक कमरेवर हात ठेवून चालायला लागला आणि बाद झाला. बाईंचे पाय जड पडायला लागले. त्या बाकासमोर आल्या तेव्हा सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"भाजी काय करायची?"

बाईंनी मान हलवली. ओठ उघडले नाहीत. दोन्ही रिकाम्या साहेबांनी वळून पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं की कोबीनं काम भागणार नाही. त्यांनी छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून घेतला.

"तुझ्या आईच्या हातचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी!"

बाई चार पावलं पुढे गेल्या होत्या. त्यांचं डोकं गर्रकन वळलं.

"मग तुम्ही दोन-दोन कप कशाला प्यायलात?"

हे वाक्य मैदानाच्या पलीकडच्या भिंतीवर जाऊन आपटलं. त्याच्या पाठोपाठ एक लांब, मोठा, उघडावाघडा श्वास बाहेर पडला आणि दुसरा आत गेला. बाईंचे खांदे खाली आले.

"शिष्टाचार म्हणून!" सासूबाई ओरडल्या.

पुढच्या फेरीला बाई उत्तर तयार करूनच आल्या. "शिष्टाचार होता तर बिस्किटं का मोजलीत?"

"चारच होती म्हणून!"

साहेबांनी शिट्टी तोंडातून काढली. "हे काय चाललंय?"

"ट्रेनिंग आहे, साहेब," कँटीनवाला म्हणाला. "रोज असतं. तुम्ही चहा घ्या."

यजमानांनी रुमालानं चेहरा झाकून घेतला होता, त्यामुळे त्यांना कळायला उशीर झाला. पाचवी फेरी सुरू झाली होती, बाई वळणावर होत्या आणि शेजारी बाकावर सासूबाई गप्प होत्या. आधी वाटलं, मुद्दे संपले. मग त्यांनी रुमाल काढून पाहिलं तर आईचे दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मान पुढे आणि छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. एवढं ओरडणं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या यादीत नव्हतं. यजमान पिशवीत हात घालून पंप शोधू लागले. पिशवीतून लिंबू निघालं, मिठाची पुडी निघाली, पाना निघाला. पंप निघेना.

बाईंनी हे वळणावरून पाहिलं. अर्धी फेरी उरली होती. सासूबाईंनी हातानं खूण केली, जा, पुढे जा. बाईंनी ती पाहिली आणि मानली नाही. त्या मार्ग सोडून सरळ बाकाकडे पळत आल्या, दोरीखालून वाकून गेल्या आणि बाकाभोवती पळायला लागल्या.

"पदराला बांधलाय!" पळता पळता त्या नवऱ्यावर ओरडल्या. "पदराच्या गाठीत! पिशवीत काय बघताय?"

गाठ सुटली. बाई बाकाला गोल फिरत होत्या, बूट धप्प धप्प वाजत होते.

"आई, आधी सोडा. सगळा बाहेर सोडा. लांब. अजून. हां. आता पंप तोंडात. दाबा हो तुम्ही! घ्या, आई, हळू घ्या. आता धरून ठेवा. बटण दाबलंय असं समजा. अजून धरा. अजून. सोडा."

सासूबाईंनी सोडला. मग परत एकदा. छातीतली शिट्टी हळूहळू खाली उतरली, चेहऱ्यावर रंग परतला. बाई फिरतच होत्या. बाकाला किती वेढे झाले हे कुणी मोजलं नाही, पण कँटीनवाल्याच्या मते बाकाभोवतीचं गवत पुन्हा कधी नीट आलं नाही.

"बरी आहे मी," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "आता जाशील का? का इथेच चक्कर आणतेस मला?"

बाई दोरीखालून परत गेल्या, जिथून मार्ग सोडला होता नेमका तिथूनच धरला आणि उरलेली अर्धी फेरी पुरी केली. साहेबांसमोर आल्या तेव्हाही त्या जागच्या जागी पळतच होत्या. लाल, घामेजलेल्या, कुणीही ऐकावं असा श्वास घेत.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मी मार्ग सोडला होता, पण थांबले नाही आणि चालले नाही. आता ही फेरी धरायची की अजून एक मारायची ते सांगा, म्हणजे त्याप्रमाणे थांबते."

साहेबांनी उरलेल्या तरुणाकडे पाहिलं. तो पाच फेऱ्या पुऱ्या करून गवतावर पालथा पडला होता आणि त्याला नाव विचारलं तरी सांगता येत नव्हतं. मग त्यांनी रिकाम्या दोन साहेबांकडे पाहिलं. त्यांच्यापैकी एकाला पहिल्यांदाच काम मिळालं.

"मैदान सोडलं हे खरं," तो म्हणाला. "पण तक्रार कशाची करायची? जास्तच पळाल्यात त्या."

"थांबा हो, बाई," साहेब म्हणाले. "झाली. थांबा आता."

बाई थांबल्या. बाकाकडे वळल्या तर सासूबाई यजमानांना सांगत होत्या, "एकदम गटागटा देऊ नकोस तिला. घोट घोट."

महिनाभरानं बाई तपासनीस झाल्या. पहिली कामगिरी किनाऱ्याच्या गाडीवर होती. संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा बुटांत वाळू होती. यजमान पंख्यात गुंतले होते आणि सासूबाई खिडकीजवळ जाग्या बसल्या होत्या, म्हणजे दुपारपासून वाट बघत होत्या, पण हे त्यांनी कबूल केलं नसतं.

"मग? बघितलास समुद्र?"

"तिथल्या स्टँडवरून दिसतच नाही, आई. समोर भली मोठी भिंत आहे. तिच्या मागून नुसता वास येतो."

"अरेरे. म्हणजे एवढं करून भिंत?"

"गाडी परत सुटायला थोडा वेळ होता. ड्रायव्हर म्हणाला, वळसा घालून गेलं की दिसतो, पण चालत गेलात तर गाडी चुकेल." बाई खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. "मग पळत गेले. बघितला. पळत आले."

"कसा आहे?"

बाईंनी एक बूट काढून बाजूला ठेवला. बावीस वर्षं ज्या गावाच्या गाड्या त्यांनी सांगितल्या, त्याबद्दल आज विचारल्यावर त्यांच्याकडे फार शब्द नव्हते.

"मोठा आहे," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी मान हलवली.

"मला पण एकदा ने," त्या म्हणाल्या. "पण मला पळता यायचं नाही हं. भिंतीला वळसा घालेपर्यंत माझी संध्याकाळ व्हायची."

"तुम्ही सावकाश चला. मी गाडी थांबवून ठेवेन."

"तसं चालतं नियमात?"

"नाही चालत," बाई म्हणाल्या, आणि बूट झटकून वाळू दाराबाहेर टाकायला उठल्या.